निनावी रकाना

…आणि वर मलाच विचारतात, हरकत नक्की लिहिली होती का तुम्ही? लिहिली होती का म्हणजे? अहो, तीन दिवस बसस्टॉपच्या तापलेल्या पत्र्याखाली टेबल टाकून बसले होते मी, मांडीवर लॅपटॉप, हातात मोबाइल आणि समोर अख्खी टेकडी रांगेत उभी. एकेकाचं म्हणणं ऐकायचं, टाइप करायचं, वाचून दाखवायचं, 'पाठवा'वर बोट दाबायचं, हिरवी खूण आली की पुढचा. चारशे बारा माणसं, चारशे बारा हरकती. आणि कार्यालयात पोचल्या किती? तुम्हाला सांगते, एकही नाही. नाव पोचलं, पत्ता पोचला, वय पोचलं, फोन नंबर पोचला. पोचली नाही ती फक्त हरकत.

हरकत नाही.

थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर तुम्हीही त्या हेल्पलाइनवाल्यासारखं म्हणाल की तुमच्याकडचं नेट स्लो असेल.

आम्ही राहतो टेकडीवर. वर यायला दोनच मार्ग, एक नऊ नंबरची बस आणि दुसऱ्या एकशे छप्पन्न पायऱ्या. माझी आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते, दिवसभर उभ्याने, आणि तिच्या गुडघ्यांची अवस्था अशी की ती एकदा खाली बसली की घरातली सगळी कामं तिथल्या तिथे करून मगच उठते, कारण दुसऱ्यांदा उठणं जमेल याची खात्री नसते. बस आहे म्हणून तिची नोकरी आहे, इतकं सोपं आहे हे. आणि परिवहन कार्यालयाने काय करावं? बसस्टॉपच्या खांबाला एक कागद चिकटवला. नऊ नंबर पुढच्या महिन्यापासून बंद करण्याचा विचार आहे, कोणाची हरकत असल्यास ती शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत फक्त संकेतस्थळावर नोंदवावी, कागदावरची किंवा तोंडी हरकत घेतली जाणार नाही. विचार आहे म्हणे! यांना विचार आला की पोटात गोळा आमच्या येतो.

आता आमच्या खालच्या घरात एक काका राहतात, बसमधले निवृत्त कंडक्टर. छत्तीस वर्षं 'पुढे सरका, पुढे सरका' करत आले, म्हणून अख्खी टेकडी त्यांना पुढेसरकाकाका म्हणते. त्यांचं म्हणणं, फॉर्मबिर्म काही नको, आपण चारशे माणसं सरळ जाऊन साहेबाच्या टेबलासमोर उभी राहू, मग बघू त्याला कुठे पुढे सरकता येतं ते. आणि मी, चार वर्षं संगणक शिकलेली मी, त्यांना काय म्हणाले? म्हणाले, काका, तो जमाना गेला. कागद कपाटात जातात, माणसं बाकावर बसवून ठेवतात, पण फॉर्म थेट पोचतो, त्याची नोंद राहते, ती कोणाला दाबता येत नाही. लोकशाही आता एका क्लिकवर आहे काका. काका म्हणाले, "बरं बाई, तुझं शिक्षण जास्त." हे वाक्य तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. आता कळतंय ते काय होतं.

तर तीन दिवस टेबल. आमच्या चढावरचा शिंपी आला, त्याने दहा ओळी सांगितल्या, त्यात त्याचं शिवणयंत्र, त्याचा दमा आणि मेव्हण्याचा एक किस्सा, जो बसमध्येच घडला होता म्हणून संबंधित आहे असं त्याचं म्हणणं. लिहिलं. वरच्या घरातली बाळंतीण आली, लिहिलं. आई कामावरून आली तेव्हा मी दमले होते, तिने दोनच वाक्यं सांगितली, तीही लिहिली. चारशे बारा.

तीन दिवस अडकलेली पोच बुधवारी सकाळी सगळ्यांच्या फोनवर एकदम आली. टुंग, टुंग, टुंग, सगळी टेकडी वाजली. मी खूश. मग वाचलं. "आपला अर्ज मिळाला. आपली हरकत : नाही. सहकार्याबद्दल आभार."

तुम्हाला कळतंय का काय झालं? रकाना रिकामा आला की त्या संगणकाला वाटतं, इथे काहीतरी छापलं पाहिजे, रिकामं बरं दिसत नाही, म्हणून तो आपला 'नाही' छापतो. फोन नंबर रिकामा असेल तर, फोन : नाही. ठीक आहे. पण हरकत रिकामी असेल तर? हरकत : नाही. म्हणजे ज्या बाईने सांगितलं की बस बंद केलीत तर तान्हं पोर कडेवर घेऊन मी एकशे छप्पन्न पायऱ्या चढू कशी, तिचं उत्तर कार्यालयाच्या लेखी, चढते, हरकत नाही.

नऊ वाजेपर्यंत सगळे माझ्या दारात. शिंपी म्हणाला, मी दहा ओळी सांगितल्या आणि तू एक शब्द पाठवलास, तोही उलटा. बाळंतिणीची सासू म्हणाली, पोरगी बसवाल्यांना मिळालेली दिसते. काका काहीच म्हणाले नाहीत. ते नुसते कठड्याला टेकून उभे होते, आणि तुम्हाला सांगते, न बोलणारा म्हातारा चारशे बोलणाऱ्यांपेक्षा जास्त बोचतो.

लावला फोन हेल्पलाइनला. अठ्ठावीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक गोड आवाज, इतका गोड की मुंग्या लागाव्यात. मॅडम, ब्राउझर बदलून बघा. बदलला. मॅडम, कॅशे साफ करा. साफ केली. मॅडम, फोन बंद करून चालू करा. केला, तर कॉल कटला, पुन्हा अठ्ठावीस मिनिटं बासरी, पुन्हा नवा गोड आवाज, मॅडम, ब्राउझर बदलून बघा. तिसऱ्या वेळी सुचवलं की हरकत फार मोठी लिहीत असाल, छोटी लिहून बघा. मी म्हटलं, हरकत छोटी करायची असेल तर आधी त्रास छोटा करा ना. त्यावर तो आवाज म्हणाला, हरकत नाही मॅडम, आणखी काही मदत करू शकतो?

मग मी स्वतःच बसले. म्हटलं, शिकलोय कशाला. माझ्याच नावाने दहा ओळी लिहून पाठवल्या, रिकाम्या. एक ओळ, रिकामी. इंग्रजीत लिहिली, रिकामी. एक शब्द, एक अक्षर, शेवटी नुसता पूर्णविराम पाठवला, म्हटलं निदान हा तरी जाईल, याने कोणाचं काय बिघडवलंय… पोच आली, हरकत : नाही. म्हणजे पूर्णविरामाचीसुद्धा हरकत नाही.

तेव्हा पान उघडून त्याच्या आतला मजकूर बघितला. म्हणजे दिसतं ते पान नव्हे, त्याच्या मागे संगणकाला दिलेल्या सूचना असतात ना, त्या. आणि तिथे, देवाशप्पथ, पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यातली चूक. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला आतून एक नाव द्यावं लागतं. आपल्याला ते दिसत नाही, पण पाठवताना ब्राउझर त्या नावानेच हजेरी घेतो. 'नाव' हजर, 'पत्ता' हजर, 'वय' हजर. ज्या रकान्याला नावच नाही, त्याची हजेरी घेणार कशी? हजेरीपटावर नसलेल्या पोरासारखं त्याला वर्गाबाहेरच ठेवून ब्राउझर निघून जातो. चूक दाखवत नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. उलट हिरवी खूण. बाकी सगळ्या रकान्यांना नाव होतं आणि एकट्या हरकतीच्या रकान्याला नव्हतं. एक शब्द. एवढा एक शब्द टाकला की झालं, अर्ध्या मिनिटाचं काम. मला वाटलं, कोणाची तरी नजरचूक असेल.

किती भाबडी होते मी.

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकून कार्यालयात गेले. खालच्या चौकशीच्या खिडकीतले गृहस्थ फार खुशीत होते. म्हणाले, नऊ नंबरवाल्या का, वा, तुमच्याकडचा प्रतिसाद फार छान, चारशेच्या वर लोकांनी आवर्जून फॉर्म भरून कळवलं की हरकत नाही, नाहीतर इतर भागांतले लोक फार कटकट करतात. मी म्हटलं, अहो, हरकत नाही हे सांगायला कोण तीन दिवस रांगेत उभं राहील? त्यांनी विचार केला, खरंच केला, आणि म्हणाले, समजूतदार माणसं.

तिसऱ्या मजल्यावर संगणक विभाग. लिफ्ट बंद. खोलीत एकच माणूस, खुर्चीच्या पाठीवर टॉवेल, टेबलावर दोन कीबोर्ड, त्यातला एक चालणारा. त्यांना मी पान उघडून दाखवलं, रकाना दाखवला, सांगितलं, बघा, याला नाव नाही, म्हणून माहिती येत नाही. मला वाटलं ते कपाळावर हात मारतील. ते शांतपणे म्हणाले, माहीत आहे.

माहीत आहे!

उठले, कपाटातून फाइल काढली, पान उलटलं, बोट ठेवलं. साहेबांची टिपणी, खाली सही, सहीखाली शिक्का. "नागरिकांना निर्भयपणे मत मांडता यावे, यास्तव हरकतीचा रकाना निनावी ठेवावा."

आलं लक्षात? साहेबांचं म्हणणं होतं, हरकत कोणी घेतली ते नाव उघड होऊ नये. किती छान विचार. आणि यांनी काय केलं, रकाना निनावी ठेवला. शब्दशः. रकान्याचंच नाव काढून टाकलं. माणसाचं नाव, पत्ता, फोन, वय सगळं घेतलं, त्यात कसली भीड नाही. निनावी कोण, तर रकाना. निर्भय कोण, तर तोही रकानाच, कारण तो कधी घराबाहेरच पडणार नाही.

मी म्हटलं, अहो, तुम्हाला कळत होतं ना त्याचा अर्थ काय होता? ते म्हणाले, "मॅडम, अर्थ कळणं वेगळं आणि टिपणी असणं वेगळं. मागे एकदा मी अर्थ लावला होता, तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावर आहे."

मग नाव टाका आता. टाकतो की, हरकत नाही, फक्त सुधारित टिपणी आणा. साहेब कुठे आहेत? प्रशिक्षणाला, सोमवारी येतील. आणि हरकतीची मुदत? उद्या पाच वाजता. मग मुदत वाढवा. त्याला साहेबांची टिपणी लागेल. म्हणजे दोरी त्यांचीच, विहीर त्यांचीच आणि तहान मात्र आमची. तुम्हाला सांगते, तो चालणारा कीबोर्ड उचलून खिडकीतून फेकावा असं वाटत होतं, आणि तेवढ्यात मला सुचलं. मी विचारलं, नावाचा रकाना पोचतो ना? पोचतो. त्यात माणसाने काय लिहिलंय ते तुम्ही तपासता? ते म्हणाले, छे, नाव कोणाचं काय असावं हे आम्ही कोण ठरवणार.

संपलं. मी तीन मजले अक्षरशः उड्या मारत उतरले. असं वाटलं, जिंकलोच आपण.

संध्याकाळी पुन्हा टेबल. सगळ्यांना सांगितलं, हरकत आता नावाच्या रकान्यात लिहायची. अडचण एकच, त्या रकान्यात चाळीसच अक्षरं मावतात, आणि तो संगणक असा चिक्कू की काना वेगळा मोजतो, मात्रा वेगळी, वेलांटी वेगळी. शिंप्याला म्हटलं, दहा ओळींचं चाळीस अक्षरांत बसवा. तो म्हणाला, कापड कापण्यात जन्म गेला माझा, आता जीभ कापायला तू शिकव. पण बसवलं, मेव्हण्याला वगळून. कोणी लिहिलं, 'बस बंद करू नका'. बाळंतिणीने लिहिलं, 'पोर कडेवर पायऱ्या कशा चढू'. काका पहिल्या वेळी रांगेत आलेच नव्हते; आता आले, मी किती विनवलं, पण त्यांनी स्वतःचं खरं नावच घातलं. म्हणाले, पासष्ट वर्षं वापरलंय, शेवटी कशाला बदलू. आणि आई. तिचे गुडघे त्या दिवशी फार सुजले होते, ती खुर्चीत बसून म्हणाली, लिही, दोन्ही गुडघे गेलेत चढवत नाही. मी काना-मात्रांसकट मोजलं, अठ्ठावीस. बरोबर बसलं. शुक्रवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटचा फॉर्म गेला. तीनशे सत्त्याण्णव. हिरवी खूण, हिरवी खूण, हिरवी खूण.

पुढच्या मंगळवारी सुनावणी. सुनावणी म्हणजे ते सुनावणार, आपण ऐकणार. कार्यालयाचा लांबट हॉल, लोखंडी खुर्च्या, एक पंखा फक्त साहेबांकडे तोंड करून. टेकडीवरची साठ-सत्तर माणसं आली होती, आईने लाँड्रीतून दोन तासांची सुट्टी मागून घेतली होती. साहेब प्रशिक्षणाहून ताजेतवाने आले होते. त्यांनी खूण केली आणि कारकुनाने यादी वाचायला घेतली, एकसुरी, नाकातून. श्री. बस बंद करू नका, हरकत नाही. श्रीमती पोर कडेवर पायऱ्या कशा चढू, हरकत नाही. श्री. दमा आहे वर दुकान गिऱ्हाईक येणार नाही, हरकत नाही.

पहिल्या दोन-तीन नावांना आमच्यातले लोक हसले. मग हसणं थांबलं. कारकुनाच्या आवाजात काही फरक नव्हता हो. तो वाचत होता, जशी नावं वाचतात तशी.

मी उठले. म्हटलं, साहेब, ही नावं नाहीत, ह्याच हरकती आहेत. तुमच्या फॉर्ममध्ये चूक आहे, हरकत पोचतच नाही, म्हणून नावाच्या जागी लिहिलंय. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "ताई, नागरिकांच्या नावांची थट्टा या कार्यालयात चालत नाही." मी म्हटलं, अहो, 'कशा चढू' हे कोणाचं आडनाव असतं? ते म्हणाले, आडनावावरून माणसाची पारख करू नये, तुम्ही तर शिकलेल्या दिसता.

इतक्यात कारकुनाने पुढचं वाचलं. श्रीमती दोन्ही गुडघे गेलेत चढवत नाही.

आणि आई उभी राहिली. खुर्चीच्या पाठीला धरून, हळूहळू, तिला उठायला जितका वेळ लागतो तितका वेळ घेऊन. म्हणाली, "मी."

साहेबांनी विचारलं, बोला, काय हरकत आहे तुमची?

"आता वाचलंत ना," आई म्हणाली. "तीच."

साहेब म्हणाले, ते तर तुमचं नाव झालं. हरकतीसमोर 'नाही' लिहिलंय. आई म्हणाली, मग तोंडाने सांगते. तर साहेब म्हणाले, तोंडी हरकत घेतली जात नाही, सूचनेत स्पष्ट लिहिलंय, बसा तुम्ही, उगाच उभ्या राहू नका, गुडघ्यांना त्रास होईल.

ऐकलंत? गुडघ्यांना त्रास होईल. म्हणजे नाव नीट ऐकलं होतं त्या माणसाने!

निकाल तिथेच दिला. आणि आता ऐका माझ्या हुशारीचं फळ. पहिले चारशे बारा आणि नंतरचे तीनशे सत्त्याण्णव, नावं वेगळी म्हणून माणसंही वेगळी धरली. एकूण आठशे नऊ नागरिकांनी कळवलं की हरकत नाही. टेकडीवर आठशे नऊ माणसं राहतच नाहीत हो, कोंबड्या धरल्या तरी होत नाहीत. काकांच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही नुसते जाऊन उभे राहिलो असतो तर निदान आहोत तेवढेच मोजले गेलो असतो. मी लोकांची संमती दुप्पट करून दिली. परतीच्या बसमध्ये मी काकांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, काका, चुकलं माझं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, चूक तुझी नाही, तू त्यांना माणसं समजलीस. आणि वर म्हणाले, पुढे सरक, तिकडे ऊन येतंय तुझ्यावर.

महिना संपला, नऊ नंबर बंद झाली. आई आता पहाटे पाऊण तास आधी निघते, पायऱ्या एकेक करून उतरते, बाजूला होऊन लोकांना पुढे जाऊ देते. नोकरी सोड म्हटलं तर ऐकत नाही. आणि परवा दुपारी पोस्टमन आला, घामाघूम, धापा टाकत. हातात जाड पांढरं पाकीट. म्हणाला, दोन्ही गुडघे गेलेत चढवत नाही. मी म्हटलं, बसा, पाणी देते. तो म्हणाला, माझे नाहीत हो, पाकिटावर लिहिलंय.

परिवहन कार्यालयाचं पत्र. श्रीमती दोन्ही गुडघे गेलेत चढवत नाही यांस, आपण दाखवलेल्या सहकार्याबद्दल हे कार्यालय आपले आभारी आहे. खाली साहेबांची सही, सहीवर गोल शिक्का, जांभळा, ठसठशीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने, मी ते फाडायला दोन्ही हातांत धरलं, तर आई आतून म्हणाली, इकडे दे. तिने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेली.

तिथे लाँड्रीत ती दोन वर्षं एक स्टूल मागत होती, इस्त्री करताना टेकायला. मुकादमाचं एकच पालुपद, गुडघे गेलेत याचा कागद आणा, सहीशिक्क्याचा. डॉक्टर म्हणायचे, वयोमानाने होतंच, त्याचा कागद कसला. तर हिने मुकादमासमोर ते पत्र ठेवलं. त्याने फक्त पहिली ओळ वाचली आणि शिक्का बघितला. अर्ध्या तासात स्टूल. नवं, रबरी बूच लावलेलं.

आता तिथे सगळे तिला 'दोन्ही गुडघे' म्हणून हाक मारतात. दोन्ही गुडघे, डबा खायला चला. दोन्ही गुडघे, चादरी आल्या. मला हे कळलं तेव्हा मी इतकी भडकले, म्हटलं आत्ता येते तिथे, एकेकाला बघते, तुला स्वतःचं नाव नाही का?

आई पाय शेकत बसली होती. म्हणाली, "म्हणू देत गं. स्वतःच्या नावाने दोन वर्षं मागत होते, काही झालं का?"